जोत्यावरचे घर : वटार परिसरातील जुन्या घरांची वास्तुरचना

वसईचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतो तो खाडीच्या मुखावरचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी जिंकलेला हा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत, अभ्यासकांचा तेथे राबता असतो. मात्र या किल्ल्याच्या उत्तरेस, समुद्रकाठच्या वाड्यांमध्ये लपलेल्या गावांतून जी जुनी घरे उभी आहेत, त्यांच्याकडे वास्तू म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. विरार आणि नालासोपारा या रेल्वेस्थानकांच्या पश्चिमेकडील वटार हे अशा गावांपैकी एक. आगाशी, सत्पाळे, नंदाखाल, राजोडी, नाळे, निर्मळ अशी गावे या पट्ट्यात एकमेकांना लागून आहेत. या गावांतील घरबांधणीची एक स्वतंत्र रीत आहे. काळ्या दगडाचे उंच जोते, सागाचे खांब, उतरते कौलारू छप्पर, पुढे ओटा आणि मागे वाडी, अशी ही रीत थोडक्यात सांगता येते. परंतु तिच्यातील प्रत्येक घटकामागे एक कारण आहे आणि ते बहुतेक वेळा पाण्याशी निगडित आहे.

प्रदेश आणि लोक

हा सारा प्रदेश सखल आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेचे मुख, दक्षिणेस वसईची खाडी आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो आणि तो मुख्यत्वे चार महिन्यांत पडतो. डोंगरावरून आलेले पाणी आणि भरतीचे पाणी यांच्या मधोमध ही गावे वसली आहेत.

वस्ती फार जुनी आहे. शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील विटांच्या स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. हे लेख याच भूमीत विपुल मिळणाऱ्या काळ्या बेसाल्ट खडकावर कोरलेले आहेत. आगाशी हे सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. ज्या गावांत जहाजे बांधली जात, तेथे लाकडाची पारख आणि सांधेजोडीचे कौशल्य असणे स्वाभाविकच होते.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोन शतके हा मुलूख त्यांच्या अमलाखाली राहिला. अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अनेक आपल्या मूळ धर्मात राहिली. आज या गावांत सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, हिंदू वाडवळ आणि ख्रिस्ती वाडवळ, तसेच भंडारी, कोळी, मांगेला, आगरी आणि आदिवासी समाज शेजारी शेजारी नांदतात. कादोडी आणि वाडवळी या बोली अजून घरांतून ऐकू येतात. धर्म बदलला तरी शेती, पाऊस आणि माती बदलली नाही. म्हणून घराचा आराखडाही मूलतः एकच राहिला. एका घराच्या अंगणात तुळशीवृंदावन, तर दुसऱ्याच्या अंगणात क्रूस. एकात देवघर, तर दुसऱ्यात त्याच्या जागी ख्रिस्ताच्या व संतांच्या प्रतिमांची वेदी. बाकीची मांडणी ओळखीचीच.

दगड : काळा आणि कठीण

कोकणातील दगडी घर म्हटले की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील चिरेबंदी घर आठवते. तेथील चिरा म्हणजे जांभा दगड. तो खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो आणि हवेत कठीण होत जातो. मात्र तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषतो. वसईकडचा दगड निराळा. तो ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट. तो घडवायला अवघड, वजनाने जड, पण पाणी जवळजवळ शोषत नाही. या दगडाची ख्याती दूरवर होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकेचा मुख्य भाग जांभ्याचा आहे. मात्र तिच्यातील नक्षीकामासाठी लागणारा बेसाल्ट वसईहून नेण्यात आला होता. त्या बॅसिलिकेचे पवित्रीकरण १६०५ साली झाले.

एवढा कठीण दगड संपूर्ण घरासाठी वापरणे सामान्य शेतकऱ्याला परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. त्यामुळे दगडाचा उपयोग जेथे अनिवार्य तेथेच झाला : पायात, जोत्यात, पायऱ्यांत, खांबाखालच्या तळखड्यात, विहिरीच्या बांधणीत. सधन घरांत भिंतीही काही उंचीपर्यंत दगडी असत; त्यावर विटांचे बांधकाम. गरिबाघरी जोते दगडमातीचे आणि भिंती कुडाच्या. दगड किती वर चढला यावरून घराची ऐपत कळत असे.

जोते : घराचा पाया नव्हे, घराची उंची

या घरांचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे जोते. अंगणापासून तीन-चार पायऱ्या चढून ओट्यावर जावे लागते. ही उंची शोभेसाठी नव्हती. आषाढ-श्रावणात पाणी साचले तर ते कोठवर येते, याचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव या जोत्यात साठवलेला असे. नवे घर बांधताना जुन्या घराच्या जोत्याचा अंदाज घेतला जाई.

जोत्याचे दुसरे काम ओल अडविण्याचे. जमिनीतील पाणी भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. विटांची भिंत थेट जमिनीवर उभी केली तर ती पावसाळाभर ओली राहते आणि समुद्रकाठी त्या ओलीबरोबर क्षारही चढतात. मधे घडीव बेसाल्टचे थर आले की ही चढण खुंटते. आजच्या बांधकामात त्यासाठी जोत्याच्या पातळीवर जलरोधक थर देतात. जुन्या गवंड्यांनी तेच काम दगडाकडून करवून घेतले. दगडांच्या दरजा चुन्याने भरीत. समुद्रकाठी शिंपले भाजून चुना करता येत असे. तो वाळूबरोबर घाणीत मळून मुरवला जाई.

लाकडी सांगाडा

जोत्यावर घराचा भार वाहतो तो लाकडी सांगाडा. सागाचे खांब तळखड्यावर उभे करतात. खांबाचे टोक जमिनीत पुरले तर ते कुजते आणि त्याला वाळवी लागते. दगडी तळखडा लाकूड आणि माती यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. खांबांच्या माथ्यावर तुळया, त्यांवर वर आढे, आढ्यापासून उतरणारे वासे आणि वाशांवर आडव्या रिपा. सांधे कुसू-भोक पद्धतीचे, लाकडी पाचरींनी आवळलेले.

छपराचा बराचसा भार खांब पेलत असल्यामुळे मधल्या भिंती प्रामुख्याने आडोशाचे काम करतात. एखादी भिंत ढासळली तरी छप्पर उभे राहते आणि भिंत पुन्हा बांधता येते. लाकूड उतरवून दुसऱ्या जागी वापरताही येते. जुने घर पाडून नवे बांधताना त्याच तुळया आणि दाराच्या चौकटी पुन्हा बसविण्याची चाल सर्वत्र होती. म्हणूनच या घरांचे वय ठरविणे अवघड जाते. दर्शनी भागावर बांधणीचे वर्ष कोरलेले असले तरी आतील एखादी तुळई त्याहून कितीतरी जुनी असू शकते.

ओट्यापासून परसापर्यंत

घराची मांडणी समोरून मागे, सार्वजनिकाकडून खासगीकडे जाते. प्रथम ओटा किंवा पडवी : छपराखालचा उघडा भाग, कडेला लाकडी कठडा आणि बसण्याची सोय. आल्यागेल्याची विचारपूस, भाजीच्या जुड्या बांधणे, फुले निवडणे, संध्याकाळच्या गप्पा, सारे येथे. त्यानंतर ओटी, मग घराच्या पोटातील माजघर. त्याला लागून देवघर किंवा वेदी, बाजूला निजण्याच्या खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. माजघरावर लाकडी पाटणीचा माळा. तेथे भात, बियाणे, सुके जिन्नस आणि भांडीकुंडी ठेवीत. उन्हाने तापलेले कौलारू छप्पर आणि राहती खोली यांच्या मध्ये हा माळा येत असल्याने खालची खोली थंड राहते. मागचे दार परसात आणि तेथून वाडीत उघडते.

घरापुढील खळे म्हणजे छप्पर नसलेली खोलीच. ते चोपून, शेणाने सारवून सपाट केलेले असे. भात झोडपणे, मिरच्या वाळविणे ही कामे तेथे होत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही आगाशी-वसईची खासियत. तिलाही असे स्वच्छ, उन्हाचे अंगण लागते. लग्नाचा मांडव याच खळ्यात पडे.

छप्पर

पूर्वी छप्पर गवताचे, झावळ्यांचे किंवा कुंभाराने चाकावर घडविलेल्या अर्धगोल नळीच्या कौलांचे असे. नळीची कौले दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावी लागत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्रावर दाबून केलेल्या चपट्या कौलांचा कारखाना सुरू केला. ही मंगलोरी कौले एकमेकांत अडकतात, हलकी असतात आणि नळीच्या कौलांइतकी सरकत नाहीत. पुढील काही दशकांत त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरची छपरे व्यापली. वसईच्या गावांतील आज दिसणारी बहुतेक जुनी छपरे या कौलांची आहेत.

छपराचा उतार तीव्र असतो आणि पाखे भिंतीच्या बरेच पुढे येतात. त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि दुपारचे ऊनही भिंतीला थेट लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी बांधलेल्या घरांना वळचणीपाशी कोरीव लाकडी झालर लावण्याची हौस होती. या हौसेमागे पैसा होता आणि पैशामागे रेल्वे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईची बॅक बे अशी गाडी सुरू झाली. विड्याची पाने, केळी, भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात वेळेवर पोहोचू लागली. वाडीच्या उत्पन्नातून दगडी जोती उंचावली, ओटे रुंदावले आणि सागाच्या खांबांवर नक्षी आली. पुढे मुंबईत तयार होणाऱ्या रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या ओटीवर आल्या. माजघरातील सारवण मात्र अनेक ठिकाणी पुष्कळ काळ टिकले.

खिडक्या आणि पोर्तुगीज वारसा

या घरांना सर्रास ‘पोर्तुगीज पद्धतीची’ म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. १६७५ साली वसईस आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने शहरातील धनिकांच्या घरांचे वर्णन केले आहे. आच्छादित सज्जे, मोठमोठ्या खिडक्या आणि त्यांना शिंपल्याची तावदाने किंवा लाकडी जाळ्या, असे ते वर्णन आहे. चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून ही तावदाने केली जात. काच दुर्मीळ असताना उजेड आत घेण्याची आणि झळ बाहेर ठेवण्याची ही सुंदर युक्ती होती. गोव्यात ती आजही काही घरांत पाहता येते.

हा नागरी थाट किल्ल्याच्या आतला होता. गावातील घराने त्यातून मोजकेच उचलले : काही ठिकाणी कमानीचे दार, मोठी खिडकी, ओट्याला मिळालेले दर्शनी महत्त्व. जोते, लाकडी सांगाडा, माजघर आणि माळा ही उत्तर कोकणची जुनी परंपरा होय. मुंबईत गिरगावच्या खोताची वाडी किंवा माझगावच्या माथारपाखाडीत जी लाकडी जिन्यांची आणि ओट्यांची घरे आहेत, ती या घराण्याचीच शहरी भावंडे म्हणता येतील.

वाडी, विहीर आणि बावखल

घराचे वर्णन भिंतीपाशी थांबले तर ते अपुरे राहते. वटार परिसरातील घर हे वाडीच्या कडेला उभे असते आणि वाडीचा प्राण म्हणजे पाणी. दगडाने बांधलेल्या विहिरीवर बैलाने फिरणारा रहाट असे. पोहऱ्यांच्या माळेतून आलेले पाणी पाटाने केळी, पानवेल आणि भाजीला जाई. विहिरीला पाझर देणारे बावखल हे या गावांचे वैशिष्ट्य. बावखल म्हणजे वाडीलगतचे खोदलेले तळे. पावसाळ्यात आसपासचे पाणी त्यात उतरते, जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यापर्यंत विहिरींना पुरते. समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहतात त्या या मुरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. गोड्या पाण्याचा साठा घटला की खारे पाणी आत सरकते.

अशा रीतीने छपरावरून पडलेले पाणी अंगणात, अंगणातून वाडीत आणि वाडीतून बावखलात जाई. जोते उंच आणि बावखल खोल, हे एकाच योजनेचे दोन भाग होते. घर कोरडे राहावे म्हणून पाण्याला जवळच जागा करून दिलेली होती.

योजना कोठे मोडली

गेल्या काही दशकांत ही योजना टप्प्याटप्प्याने मोडत गेली. १९९० साली वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. रेल्वेलगत इमारती वाढल्या. गावांतील विहिरींतून टँकरने होणारा पाणीउपसा आणि हिरव्या पट्ट्यावरील बांधकामे यांच्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि ग्रामीण पट्ट्यातील गावे तीत असावीत की नसावीत, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१४ साली पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वसई तालुका ठाण्यातून त्यात गेला.

दरम्यान वाटण्यांमुळे घरे विभागली गेली. एका ओट्याचे दोन झाले, माजघरातून भिंत गेली. वारस मुंबईत, आखातात किंवा त्याहून दूर. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न अनुत्तरित. चांगला साग महाग झाला, कौले शाकारणारे हात कमी झाले. काँक्रीटचे घर कमी देखभालीचे वाटले आणि ते तसे काही वर्षे असतेही. अनेक बावखले भरावाखाली गेली.

९ आणि १० जुलै २०१८ रोजी झालेल्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून रेल्वे वाहतूक कोलमडली. पाण्याला मुरण्याची आणि थांबण्याची जागा उरली नाही की जोत्याचा हिशेबही चुकतो. शिवाय रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो. रस्ता उंचावत जातो, जोते जागच्या जागी राहते आणि कधीकाळी चार पायऱ्यांचा असलेला ओटा दोन पायऱ्यांचा होतो. जुने घर पाण्यात गेले तर दोष घराला दिला जातो. प्रत्यक्षात घराभोवतीची जमीन बदललेली असते.

जतनाचा प्रश्न

इंग्लंडमधील खेड्यांतल्या दगडी घरांशी तुलना येथे उद्‌बोधक ठरते. ग्लॉस्टरशायरमधील बायबरी गावी आर्लिंग्टन रो नावाची घरांची रांग आहे. १३८० साली मठाचे लोकरीचे कोठार म्हणून बांधलेली ही इमारत सतराव्या शतकात विणकरांची घरे म्हणून वापरात आली. भिंती पिवळसर चुनखडीच्या दगडाच्या, छप्परही दगडी चपट्यांचे, खिडक्या लहान. सारा भर ऊब आत राखण्यावर. आज ही घरे नॅशनल ट्रस्टच्या मालकीची आहेत. तेथे १९४७ च्या नगररचना कायद्याने वारसा इमारतींच्या याद्या करण्याची देशव्यापी व्यवस्था झाली आणि राजवाड्यांबरोबर शेतकऱ्यांची साधी घरेही त्या यादीत आली. यादीतील घरात बदल करण्यास परवानगी लागते. तरी त्यांतील असंख्य घरांत लोक राहतात. ती संग्रहालये झालेली नाहीत.

मुंबईत १९९५ साली वारसा जतनाची नियमावली लागू झाली. त्यामुळे शहरातील इमारतींबरोबर खोताची वाडीसारख्या वस्तीचाही वारसा म्हणून विचार होऊ शकला. गावातील खासगी घरापर्यंत अशी दृष्टी क्वचितच पोहोचते. किल्ल्याचा भग्न बुरूज संरक्षित असतो. त्याच दगडाचे, त्याच गवंड्यांच्या परंपरेतले राहते घर मात्र एका दिवसात पाडता येते.

कायदा होईपर्यंत घरमालकाच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. चुन्यातील जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडते आणि वीट आतून भुगा होत जाते. दगडी दरजाही चुन्यानेच भराव्यात. तळखड्याभोवती लादी किंवा काँक्रीट चढवून खांबाचा पाय झाकू नये. फुटलेले कौल पावसाळ्यापूर्वी बदलावे, कारण छप्पर गळू लागले की तुळई कुजते आणि तुळई गेली की घर जाते. दुरुस्तीपूर्वी घराचा आराखडा काढून, छायाचित्रे घेऊन, घरातील वृद्धांकडून प्रत्येक भागाचे बोलीतील नाव लिहून ठेवावे. घर वाचले नाही तरी त्याचे ज्ञान तरी वाचेल. आणि जेथे बावखल शिल्लक आहे तेथे ते घराचाच भाग समजून राखावे.

वटार आणि परिसरात आजही अशी घरे उभी आहेत, काहींत तिसरी-चौथी पिढी राहते आहे. पावसाळ्यात त्यांच्या ओट्यावर उभे राहिले की पागोळ्यांचे पाणी कोणत्या बाजूला धावते हे स्पष्ट दिसते. त्या पाण्याच्या वाटेवर आज काय बांधले गेले आहे, हे पाहिले की घराच्या भवितव्याचा अंदाजही बांधता येतो.